मामांच्या रेकॉर्डी वाजत्या करताना : कामाच्या नोंदी

घरातल्या बंद कपाटात रेकॉर्डी पडून आहेत आणि त्या कधीतरी वाजवाव्यात असं मनात आहे, अशांसाठी या नोंदी. कपाट माझ्या मामांचं, नाशिकला गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमधलं. एलपी (व्हिनाइलच्या मोठ्या, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या) आणि ईपी (लहान, ४५ फेऱ्यांच्या) मिळून तीनशेच्या घरात, ७८ च्या (जुन्या, लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) दीडशेच्या आसपास. काम ठरलं ते एवढंच: प्लेअर सुरू करायचा, रेकॉर्डी धुवायच्या आणि मामींना हव्या त्या ऐकवायच्या. मामांची अट एक. वहीत ज्यांच्यापुढे लाल खूण आहे त्यांना हात लावायचा नाही.

२६ मे २०२४

मोजदाद केली. मामांची वही बघण्यासारखी आहे. अनुक्रमांक, लेबल, मॅट्रिक्स नंबर (छपाईच्या साच्याचा क्रमांक, लेबलच्या कडेला, खाचा संपतात तिथे कोरलेला असतो तो), कुठे घेतली, किती दिले, अवस्था कशी. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार, मनमाडची कुठलीशी रद्दी, सगळं तारीखवार. ‘ऐकली’ असा रकाना मात्र कुठे नाही.

मामी म्हणाल्या, “लग्न होऊन आले तेव्हापासून यांच्यावरची धूळ पुसतेय. सूर म्हणशील तर एक कानावर पडलेला नाही.”

मामा म्हणाले, “वाजवली की घासते. माझ्या वडिलांनी चावीच्या ग्रामोफोनवर निम्म्या संपवल्या.”

त्यात खोटं काही नाही. ग्रामोफोनच्या साउंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमच्या वर, त्यात पोलादी पिन, तीही दर बाजूला बदलायची. लाखेच्या रेकॉर्डमध्ये दगडाची भुकटी मिसळलेली असते, म्हणजे पिन आणि खाच दोघंही एकमेकांना खातात. आताच्या काट्याचं (पिन धरणाऱ्या दांडीचं) वजन तीन ते पाच ग्रॅम आणि पिनेचं टोक हिऱ्याचं. मामांची भीती जुन्या यंत्राची आहे, पण ती चाळीस वर्षं या कपाटाच्या किल्लीला लटकलेली आहे.

कामाचं: ७८ च्या आडव्या रचून ठेवल्या होत्या, तळच्या तीन तडकल्या. रेकॉर्डी नेहमी उभ्या ठेवा. मी त्या सगळ्या एकाच फळीवर उभ्या केल्या आणि संध्याकाळपर्यंत फळी वाकली. शंभर एलपी म्हणजे वीस-पंचवीस किलो होतात आणि लाखेच्या तर त्याहून जड. सुताराकडून मधे आधार ठोकून घेतला, ६०० रुपये.

३० मे

दोन एलपी पश्चिमेच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या, उन्हाळ्याने वाकल्या होत्या. दोन जाड काचा आणल्या (२८० रुपये), मधे रेकॉर्ड घालून गच्चीत दुपारच्या उन्हात ठेवली, मग तशीच काचांसकट घरात आणून रात्रभर राहू दिली. पहिली सपाट झाली. दुसरी जास्त वाकलेली म्हणून जास्त वेळ उन्हात ठेवली. ती दिसायला सरळ झाली, पण पहिल्या गाण्यात दर फेऱ्याला ‘हूश’ असा आवाज येतो, म्हणजे खाचाच मऊ पडल्या. पिन उडत नसेल तर थोडा बाक तसाच राहू द्यावा.

९ जून

प्लेअर. मामांचा जुना चार वेगांचा टर्नटेबल आहे: १६, ३३, ४५, ७८. पट्टा नाही, रबराचं चाक तबकाला (रेकॉर्ड ठेवायच्या थाळीला) आतून घासून फिरवतं. ती जात मुद्दाम ठेवली, कारण आजच्या स्वस्त प्लेअरना बहुधा ७८ चा वेगच नसतो.

मोटर फिरत होती, तबक फिरेना. आतलं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालेलं. रॉकेल लावून खरवडलं, मशीनचं तेल सोडलं, मग फिरलं. पण धड-धड-धड. कित्येक वर्षं चाक एकाच जागी दाबून उभं होतं, तिथे त्याला सपाट जागा पडली होती. बारीक पॉलिश पेपरने घासून बघितलं. धडधड कमी झाली, पण चाक लहान होऊन वेग उतरला की काय अशी शंका आली. (तसं होत नाही. मधल्या चाकाच्या मापाने वेग बदलत नाही, मोटरच्या पुलीचं आणि तबकाच्या आतल्या कडेचं माप काय ते ठरवतं. हे कळेपर्यंत एक रविवार गेला.) शेवटी सातपूरला एमआयडीसीत छपाईच्या रोलरांना रबर चढवणाऱ्याकडे चाक दिलं. तो आधी हसला, नंतर नवीन रबर चढवून लेथवर गोल करून दिलं, ३५० रुपये. नवं चाक कुठून मागवत बसण्यापेक्षा हा मार्ग बरा. नाशिकमध्ये रबरवाल्यांना तोटा नाही.

१६ जून

वेग तपासणे. यासाठी रेघांची गोल चकती कागदावर छापून घेतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, म्हणून ३३⅓ साठी १८० रेघा आणि ७८ साठी ७७ रेघा. वेग बरोबर असला की रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. चकती छापताना ‘५० हर्ट्‌झ’ लिहिलेलीच घ्या, अमेरिकेची ६० ची असते.

चकती ठेवली, दिवाणखान्यातल्या एलईडी दिव्याखाली रेघांचा नुसता राखाडी पट्टा. बऱ्याच एलईडी दिव्यांचा प्रकाश तसा लुकलुकतच नाही. जुनी चोकवाली ट्यूब आता कुणाकडे नाही. उपाय मामींनी नकळत दिला, ड्रॉवरमधला टेस्टर शोधून. टेस्टरमधला छोटा निऑन दिवा मेनवर लुकलुकतो. खोली अंधारी केली, टेस्टर सॉकेटमध्ये धरला आणि चकती त्याच्याजवळ आणली. रेघा थांबल्या. ३३ ला ठीक. ७८ ला रेघा हळूहळू पुढे सरकत होत्या, म्हणजे वेग जास्त. पुलीच्या वरच्या पायरीवर जुन्या ग्रीसचा थर होता, तो काढल्यावर थांबल्या.

एवढी कटकट कशाला, तर ७८ ची रेकॉर्ड ८० वर फिरली तरी गाण्याची पट्टी चढते आणि आवाज काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी लटकतो. शेजारी पेटी लावून बघा, लगेच कळतं. फार जुन्या रेकॉर्डी तर ७८ वर मुद्रित झालेल्याच नसतात, त्या कानाने लावाव्या लागतात.

१६ चा वेग काय कामाचा, असं मी विचारलं. मामांनी सांगितलं की १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर गेलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या १६⅔ वर फिरणाऱ्या आहेत आणि त्यांत केसरबाई केरकरांची भैरवी आहे. “जगातली सगळ्यात दुर्मीळ प्रत. धूळ नाही, फंगस नाही, कोणी पिन टेकवत नाही.” आतून मामी म्हणाल्या, “आणि ऐकायलाही कोणी नाही. तुमच्याच कपाटात शोभली असती.”

२३ जून

पिन आणि आवाज. सगळ्यात जास्त पैसे इथे गेले.

एलपीच्या पिनेचं टोक साधारण १८ मायक्रॉन, ७८ च्या पिनेचं ७५ च्या आसपास. एलपीची पिन ७८ वर टेकवली तर ती रुंद खाचेच्या तळाशी, कचऱ्यात घसरत जाते आणि ऐकू येते ती नुसती खरखर. उलटं केलं, म्हणजे ७८ ची पिन एलपीवर, तर एलपी गेलीच. म्हणून दोन हेडशेल (काट्याच्या टोकाला बसणारे, काढता-घालता येणारे तुकडे) केली, एकावर एलपीचं कार्ट्रिज (पिन बसते ती डबी), दुसऱ्यावर ७८ ची पिन. दोन्ही मिळून ४,९०० रुपये. हेडशेलांवर लाल आणि पांढऱ्या नेलपॉलिशचे ठिपके दिले, अंधारात अदलाबदल नको.

काट्याचं वजन मोजायला सराफ ठेवतात तसला छोटा डिजिटल वजनकाटा घेतला, ४५० रुपये. एलपीला तीन ग्रॅम, ७८ ला पाच. मामांनी चष्मा लावून आकडा दोनदा वाचला. शंभर ग्रॅमच्या गोष्टीत वाढलेला माणूस, पाच ग्रॅमवर काही बोलला नाही.

प्रीअँप (पिनेकडून येणारा क्षीण आवाज अँप्लिफायरच्या आधी वाढवणारा) १,८०० रुपये. लावल्याबरोबर मोठी घूं. टर्नटेबलची अर्थिंगची तार प्रीअँपच्या स्क्रूला लावल्यावर निम्मी गेली, उरलेली निम्मी त्या भिंतीतल्या सॉकेटला अर्थच नसल्यामुळे होती. इलेक्ट्रिशियनने दुसऱ्या खोलीतून अर्थ ओढली. ७८ वाजवताना अँप्लिफायरचं मोनोचं (दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणारं) बटण दाबा. त्या एका बटणाने जितकी खरखर जाते तितकी कुठल्या महागड्या सॉफ्टवेअरने मला घालवता आली नाही.

२६ जून

बुधवार, म्हणून गंगेवरच्या (म्हणजे गोदावरीकाठच्या) आठवडे बाजारात चक्कर मारली. कुलपं, नळाच्या तोट्या, जुने चार्जर आणि एका गोणपाटावर सात-आठ एलपी, कव्हर भिजून फुगलेली. तो एकेकीचे तीनशे मागत होता. “विंटेज आहे साहेब.” हा शब्द आता गोदाघाटावरही पोचला. मामा सोबत होते, त्यांनी प्रत्येक रेकॉर्ड उन्हात तिरपी धरून पाहिली, मॅट्रिक्स नंबर वाचला, परत ठेवली. मी गाण्यांची नावं वाचली. आम्ही एकच रेकॉर्ड दोन बाजूंनी बघतो हे तिथे उघड्यावर कळलं. दीडशेला एक घेतली, माझ्या यादीतली.

७ जुलै

धुणं. एलपीला: बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा, मायक्रोफायबरने टिपून उभी वाळवायची. लेबलवर पाणी जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण दाबून धरायचं. नळाच्या पाण्याने धुतलेल्या दोन एलपींवर क्षारांचे पांढरे ठिपके राहिले.

७८ ला स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात नको. सुतार लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश बनवतो, आणि ही रेकॉर्डही लाखेचीच. व्हिनाइलवाल्यांचं तयार क्लीनर बऱ्याचदा अल्कोहोलचं असतं, बाटली वाचून घ्या. ७८ भिजतही ठेवायची नाही. पटकन धुवायची, पटकन पुसायची.

एक पेटी वेगळी होती. २०१६ च्या ऑगस्टमधल्या पुरात सराफ बाजाराजवळच्या जुन्या खोलीत राहिलेली. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती बुडाला त्या दिवशी पेटीत गाळ गेला, तेव्हापासून ती उघडलीच नव्हती. कागदी पाकिटं रेकॉर्डींना चिकटून पुठ्ठ्यासारखी झालेली. पाकिटं ओली करून सोलली, गाळ वाहत्या पाण्याने काढला, बऱ्याच लेबलांवर आता काही वाचता येत नाही. वहीच्या हिशेबाने या सगळ्यांची किंमत शून्य. त्यातल्या निम्म्याहून जास्त छान वाजतात. पुढचे दोन महिने आम्ही सगळ्यात जास्त याच पेटीतलं ऐकलं, कारण मामांना त्यांची भीती वाटत नव्हती.

१४ जुलै

फेव्हिकॉलचा प्रयोग. एलपीवर फेव्हिकॉलचा थर द्यायचा, वाळला की साल सोलतात तसा अखंड काढायचा, खाचांतली घाण त्याच्याबरोबर निघते. प्रकार खरा आहे, लोक करतात. पण आषाढात नाशिकमध्ये नाही. दोन दिवस पंखा लावूनही थर मधे मधे पांढराच राहिला, सोलताना फाटला आणि तुकडे खाचांत अडकून बसले. ते काढताना रेकॉर्ड गेली. आधीच चरे पडलेली निवडली होती म्हणून हळहळ नाही. करायचाच तर एप्रिलमध्ये करा, आणि लाखेच्या रेकॉर्डवर तर नकोच.

३ ऑगस्ट

मामींची फर्माईश. त्यांचं माहेर पंचवटीतलं. त्यांच्या वडिलांकडे गायक द. वि. पलुस्करांच्या भजनाची ७८ होती, ती त्यांना ऐकायची होती. पलुस्करांचं लहानपण नाशिकमधलं. वडील विष्णु दिगंबरांनी इथे रामनाम आधाराश्रम काढला होता. १९५५ मध्ये, जेमतेम चौतिसाव्या वर्षी ते गेले. आपल्याकडे एलपी रुळण्याआधीच, त्यामुळे ध्वनिमुद्रण बरंचसं तीन-साडेतीन मिनिटांच्या ७८ वर.

मामांकडे ते भजन तीन रूपांत निघालं. चकचकीत ७८, लाल खूण, चोर बाजारातून ४,००० ला घेतलेली. तीच रेकॉर्ड नंतरच्या छपाईची, घासलेली, पुराच्या पेटीतली. आणि ७८ वरून काढलेली एलपी. “एकाच भजनाच्या तीन?” असं मी म्हटलं, तर मामांनी लेबलांच्या छपाईतला फरक दाखवायला सुरुवात केली.

आधी एलपी लावली. स्वच्छ, थोडी लांबून गायल्यासारखी. मग पुरातली ७८. खरखर भरपूर, पण आवाज समोर येऊन बसतो. मामींनी तीच दोनदा लावायला सांगितली. लाल खुणेची मागितली नाही. मीही काढली नाही.

तीन मिनिटांनी उठून बाजू बदलायची, यात एक गंमत आहे हे त्या संध्याकाळी लक्षात आलं. बाजू बदलायचं काम मामांनी स्वतःकडे घेतलं, दुसऱ्याच्या हातात रेकॉर्ड बघवत नाही म्हणून. त्यामुळे त्यांना जवळ बसून ऐकावंही लागलं.

१८ ऑगस्ट

सगळ्याचं डिजिटल मुद्रण करायचं ठरवलं होतं. एकदा उतरवलं की रेकॉर्ड पुन्हा घासायला नको, मामा खूश, मामी खूश. साउंडकार्ड २,४०० रुपये, सॉफ्टवेअर फुकटचं.

यात वेळ वाचवता येत नाही. चाळीस मिनिटांची एलपी चाळीस मिनिटंच घेते, वर खटखट काढणं, गाणी तोडणं, नावं लिहिणं. तडकलेल्या ७८ ची ‘टिक’ दर फेऱ्याला येते, म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. एकेक काढली तर तीन मिनिटांच्या गाण्याला सव्वादोनशेच्या वर. आवाजाची पातळी सुरुवातीला जास्त ठेवल्यामुळे पहिल्या काही फाइली तानेच्या जागी फाटल्या, त्या पुन्हा कराव्या लागल्या.

पण सोडलं ते या कारणाने नाही. हेडफोन लावून मी पडद्यावरचे हिरवे-लाल पट्टे बघत बसायचो. गाणं काय होतं, नंतर विचारलं तर सांगता येईना. फोल्डर मात्र सुरेख लागले होते: लेबल, मॅट्रिक्स नंबर, साल. मामी मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तुझी पण वहीच झाली की रे.” उतरवलेलं सगळं हार्ड डिस्कवर आहे आणि आजतागायत त्यातली एकही फाइल कोणी उघडलेली नाही.

तेव्हापासून फक्त तडकलेल्या आणि, मामांनी हात लावू दिला तर, लाल खुणेच्या उतरवायच्या. बाकीच्यांचं काही करायचं नाही, वाजवायच्या.

८ सप्टेंबर

गणपतीला म्हणून एक संग्राहक मुंबईहून आले, मामांचे जुने ओळखीचे. मोबाइलचा टॉर्च लावून कव्हरच्या कडा, लेबल, आतलं पाकीट मूळचं आहे का, सगळं तपासलं. लाल खुणेच्या एका रेकॉर्डला पंधरा हजार सांगितले. १९३० च्या दशकातली, केव्हाच बंद पडलेल्या एका छोट्या कंपनीची, एका बाजूला नाट्यपद. प्लेअर शेजारी चालू होता. वाजवून दाखवू का, असं मी विचारलं. म्हणाले, “नको नको, कशाला.”

मामा रात्रभर विचारात. विकायची नाहीच, असं सकाळी जाहीर केलं. पण दुपारी स्वतःहून विचारलं, “काय असेल रे तिच्यावर?”

२१ सप्टेंबर

लावली. मामांनी स्वतः धुतली, स्वतः काट्यावर पाच ग्रॅम बघितले, हात थरथरतो म्हणून पिन मला टेकवायला सांगितली. उतरवून घेण्याची तयारी ठेवली होती.

रेकॉर्ड अप्रतिम अवस्थेत. खरखर जवळजवळ नाही. आणि गाणं, काय सांगू, रटाळ. गायक पहिल्या कडव्यातच दमलेले, ऑर्गन पुढे, तबला मागे. दुसरी बाजू लावली, ती त्याहून. मामी पोळ्या करायला उठल्या.

मामा बराच वेळ लेबलकडे बघत होते. म्हणाले, “म्हणून मिळत नाही ही. तेव्हा कोणी घेतलीच नसेल.”

याचा हिशेब मी नंतर कपाटाशी लावून बघितला. जी गाणी लोकांनी उचलून धरली त्यांच्या प्रती कंपनीने भरपूर काढल्या, त्या आज शे-दोनशेला मिळतात, घासलेल्या. न खपलेल्या थोड्याच निघाल्या, कोणी वाजवल्या नाहीत, म्हणून आज चकचकीत आणि महाग. नेहमीच असं असतं असं नाही, मोठ्या गायकांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डीही दुर्मीळ आहेत आणि ऐकण्यासारख्याही. पण मामांच्या लाल खुणांपैकी आम्ही आतापर्यंत ज्या लावल्या त्यांतल्या मोजक्याच पुन्हा लावाव्याशा वाटल्या. पलुस्करांची त्यातली पहिली. ती चकचकीत प्रत दसऱ्याआधीच मामांनी आपण होऊन काढली.

१३ ऑक्टोबर

हिशेब. आधार ६००, काचा २८०, चाक ३५०, पिना आणि हेडशेल ४,९००, काटा ४५०, प्रीअँप १,८००, साउंडकार्ड २,४००, अर्थिंग ७००, ब्रश-पाणी-कापड-नवी पाकिटं १,६५०. एकूण १३,१३०. साउंडकार्ड घेतलं नसतं तरी चाललं असतं. पाकिटांवर आणखी खर्च केला तरी चालेल. जुनी प्लॅस्टिकची कव्हरं पावसाळ्यात आत दमट राहतात, तिथेच फंगस धरतं.

पंधरा हजारांची रेकॉर्ड विकायचं ठरलं आहे. मामांची अट अशी की घेणाऱ्याने आधी दोन्ही बाजू बसून ऐकायच्या. संग्राहक म्हणाले विचार करून कळवतो.

बाकी राहिलेलं: पुराच्या पेटीतल्या बेवारशी लेबलांची गाणी ओळखणं (मामींना बरीच ओळखू येतात, त्या सांगतात तसं पाकिटावर पेन्सिलीने लिहितोय), ४५ च्या ईपींना मधे बसणारी चकती मिळवणं आणि तबकाचं बेअरिंग. नव्या चाकाची धडधड गेली, पण खालून बारीक घरघर अजून येते. बेअरिंगखालची पोलादी गोळी झिजली असावी. सायकलच्या दुकानातून त्याच मापाची आणून बघणार आहे.